तिजोरीतलं कुलूप आणि पन्नास रुपयांची भिशी

२००१ सालची गोष्ट. तासगावकडच्या एका पतसंस्थेत हिशेबाचं सॉफ्टवेअर विकायला गेलो होतो. किंमत बारा हजार रुपये. व्यवस्थापकांनी सीडी दोन बोटांत धरली, उजेडाकडे करून पाहिली, उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "एवढ्याशा चकतीचे बारा हजार? अहो, हिच्यापेक्षा आमच्याकडची भाकरी जड."

मी प्रोग्रॅमची कलमं सांगायला लागलो. पिग्मीची वसुली, ठेवींचं व्याज, थकबाकीची यादी, ताळेबंद. ते ऐकत होते, पण नजर चकतीवरून हलत नव्हती. व्यवहार झाला नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो तेव्हा माझ्या हातात खोकं होतं. चांगलं दीड वीत उंच, चकचकीत. वर कंपनीचं नाव, आत तीच सीडी, पुण्यात नारायण पेठेत छापून घेतलेली १८० पानांची माहितीपुस्तिका आणि तळाला थर्माकोल. सीडीला वीस रुपये पडले होते, पुठ्ठ्याला आणि थर्माकोलला साठ. व्यवस्थापकांनी खोकं दोन्ही हातांनी उचललं, वजनाचा अंदाज घेतला आणि शिपायाला चहा सांगितला. त्या दिवशी चेक मिळाला.

धंद्यातलं पहिलं गुपित ते. पुस्तिका कोणी वाचत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. म्हणून गमतीने पान ११२ वर, व्याजदर बदलण्याच्या सूचनांच्या मध्येच, मी एक ओळ घुसडून दिली होती: "इथपर्यंत वाचणाऱ्याने आम्हाला फोन करावा, पेढे मिळतील." वर्षं गेली, तो फोन काही आला नाही. पेढ्यांचं पुढे सांगतो.

चेअरमनसाहेब पंढरपूरला

खोक्यात आणखी एक वस्तू असायची. डोंगल. संगणकाच्या मागे प्रिंटरची वायर जिथे लागते तिथे आधी हा अंगठ्याएवढा ठोकळा बसवायचा आणि त्याच्या पाठीला प्रिंटर जोडायचा. ठोकळा नसेल तर प्रिंटर चालेल, आमचं सॉफ्टवेअर चालणार नाही. बाजारात याला सरळ 'लॉक' म्हणत. मराठी टायपिंगची महागडी सॉफ्टवेअरंही तेव्हा अशी लॉक लावूनच यायची, त्यामुळे डीटीपीवाल्यांना ते नवं नव्हतं. पतसंस्थेला मात्र होतं.

मी समजावून सांगितलं, "हे कुलूप आहे, साहेब. हरवलं तर दुसरं मिळणार नाही. सगळी किंमत यातच आहे."

हे शेवटचं वाक्य मला भोवलं. चौथ्या दिवशी फोन, "सॉफ्टवेअर बंद पडलंय, काउंटरला रांग लागलीय." मी तासभर नाना प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, "लॉक कुठंय?"

"कुठं म्हंजे? तुम्हीच म्हणालात ना, सगळी किंमत त्यात आहे. तिजोरीत ठेवलंय."

"मग काढा आणि लावा."

"तिजोरीची एक चावी चेअरमनसाहेबांकडं असते, आणि ते एकादशीला पंढरपूरला गेलेत."

त्या दिवशी पतसंस्थेने कीर्द हाताने लिहिली. मी हसलो, पण एक गोष्ट डोक्यात राहिली. त्या माणसांनी आमच्या वस्तूला सोन्याच्या शेजारी जागा दिली होती. बारा हजारांची किंमत त्यांना पटली होती, ती हाताला लागणाऱ्या ठोकळ्यामुळे.

भिंतीवरचा खोटा तक्ता

किंमत हे निम्मं नाटकच असतं, हे जगभरच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरवाल्यांना ठाऊक होतं. यातला सगळ्यात रंगतदार किस्सा फिलिप कान या फ्रेंच गृहस्थाचा. कॅलिफोर्नियात बोर्लंड ही छोटीशी कंपनी त्याने काढली होती आणि १९८३ साली त्याच्या हातात टर्बो पास्कल हा, प्रोग्रॅम बनवायला लागणारा कंपाइलर होता. तेव्हा असे कंपाइलर शेकडो डॉलरला जात. कानने किंमत लावली ४९.९५ डॉलर. एवढ्या स्वस्तात दुकानदाराला कमिशन देऊन काही उरणार नाही, म्हणून विक्री थेट टपालाने. त्यासाठी 'बाइट' मासिकात पानभर जाहिरात हवी, आणि जाहिरातीला पैसे नाहीत.

पुढचं त्याने स्वतःच नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. मासिकाचा जाहिरात-प्रतिनिधी येणार त्या दिवशी कानने कार्यालयात ओळखीची माणसं आणून बसवली. फोन वाजत राहतील, सगळे गडबडीत दिसतील अशी व्यवस्था केली. भिंतीवर जाहिरातींचा एक तक्ता लावला आणि त्यात 'बाइट'च्या नावावर काट मारून ठेवली. प्रतिनिधीची नजर तिथे गेलीच. "आमचं नाव का खोडलं?" कान म्हणाला, "तुमचा वाचक आमचा नव्हे." शेवटी प्रतिनिधीच गळ घालू लागला, आणि जाहिरात उधारीवर मिळाली. वीसेक हजार डॉलरची विक्री झाली तरी निभावेल असा कानचा हिशेब होता. विक्री झाली दीड लाख डॉलरच्या घरात.

हा किस्सा सगळे कानच्या चलाखीसाठी सांगतात. मला त्यातली टपालाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. प्रत्येक ऑर्डरीबरोबर गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता कानच्या टेबलावर येत होता. पुढची आवृत्ती कोणाला विकायची, याची यादी आपोआप तयार होत होती.

सातशे रुपये आणि दुरुस्तीचं दुकान

आपल्याकडे टपालाने सॉफ्टवेअर मागवणारा विरळा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या सीडीत जगातलं सगळं मिळत होतं, आणि संगणक जोडून देणारा मुलगा "विंडोज मारून देतो, ऑफिस पण टाकतो" असं फुकटातच म्हणायचा. मग विकायचं कसं?

उत्तर पुण्यातच सापडलं. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर आधी कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग संगणक दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने भरलेले. धाकट्या भावाने, संजयने, त्यावर प्रोग्रॅम लिहिला. १९९५च्या सुमारास 'क्विक हील' बाजारात आलं तेव्हा किंमत होती ७०० रुपये. पुढे पुण्याबाहेर पहिली शाखा नाशिकला निघाली, आणि २०१६ साली कंपनी शेअर बाजारात आली.

आम्ही छोटे धंदेवाले या गोष्टीतून एकच धडा घेत होतो. दुरुस्तीवाल्याला विकायला द्या. गिऱ्हाईक कंपनीचं ऐकत नाही, पण संगणक उघडून बसलेल्या मुलाने "साहेब, हे टाकून घ्या" म्हटलं की ऐकतं. डीलरला पंचवीस-तीस टक्के सोडायला आम्हाला कधी जड गेलं नाही. तो गाडीवरून जायचा, सीडी टाकून द्यायचा, रडगाणं ऐकून घ्यायचा. हा तीस टक्क्यांचा आकडा लक्षात ठेवा.

मार्च काही संपेना

डेस्कटॉपवाल्यांची आणखी एक युक्ती म्हणजे आधी वापरा, मग पैसे द्या. याची मुळं १९८२ सालची. आयबीएममध्ये नोकरी करणाऱ्या जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हा माहिती साठवण्याचा प्रोग्रॅम फुकट वाटला आणि आवडला तर थोडे डॉलर पाठवा अशी विनंती त्यात घातली. जर्मन भाषेत नॉफ म्हणजे गुंडी, म्हणून धंद्यासाठी नाव घेतलं जिम बटन. आपणहून एक माणूस तरी पैसे पाठवेल असं वाटत असेल तर तू खुळा म्हातारा आहेस, असं बायकोने बजावल्याचं त्यांनीच लिहून ठेवलंय. पण पाकिटांची पोती येऊ लागली आणि दोनेक वर्षांत त्यांनी आयबीएमची नोकरी सोडली.

हे वाचून मीही तीस दिवसांची चाचणी-सीडी वाटली. आपला समाज नॉफ यांच्या पत्नीच्या बाजूचा निघाला. एका पतसंस्थेने सीडी घेतली, "आवडलं तर कळवू" म्हणाले आणि गप्प झाले. वर्षभराने फोन आला, आवाज रागाचा. "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक आहे. ठेवीदारांचं व्याज वाढतच नाही."

जाऊन बघतो तर संगणकात मार्च महिना चालू. महिना संपत आला की कारकून तारीख मागे नेऊन पुन्हा १ मार्च करायचा, त्यामुळे तीस दिवस कधी भरतच नव्हते. पावत्यांवरची तारीख पेनाने दुरुस्त व्हायची. सगळं झकास चाललं होतं, फक्त मार्च संपत नसल्याने व्याजही पुढे सरकत नव्हतं. चोरी पकडायला मला लॉक लागलं नाही, व्याजाने काम केलं. संचालक मंडळाने त्याच बैठकीत खरेदीचा ठराव केला. कारकून ओशाळला नाही. "सर, महिनाभरात निर्णय होतो का कुठं?" त्याचंही बरोबरच होतं. विनरार या जगप्रसिद्ध प्रोग्रॅमची चाचणी चाळीस दिवसांची असते आणि चाळीस दिवसांनंतरही तो फक्त आठवण करून देतो, चालायचा थांबत नाही. घरचे लोक फुकट वापरतात, कंपन्या पैसे भरतात. निर्णयाला वेळ द्यावा लागतो, हे विनरारवाल्यांना कळलेलं आहे.

आठ श्रीमंत

मग फोन आले. १० जुलै २००८ रोजी ॲपलचं ॲप स्टोअर उघडलं, पहिल्या दिवशी पाचशे ॲपं. नियम सोपा: विक्रीतले तीस टक्के दुकानाचे, सत्तर तुमचे. खोकं नको, डीलर नको, लॉक नको. आम्हाला वाटलं, स्वर्ग!

महिन्याभरात तिथे 'आय ॲम रिच' नावाचं ॲप आलं. आर्मिन हाइनरिश या जर्मन माणसाने केलेलं. उघडलं की पडद्यावर एक लाल रत्न चमकायचं, बाकी काही उपयोग नाही. किंमत ९९९.९९ डॉलर, म्हणजे तेव्हा स्टोअरमध्ये लावता येणारी सर्वांत मोठी. ॲपलने ते लगेच काढून टाकलं, पण तोवर आठ जणांनी घेतलं होतं.

जग त्याला हसलं. मी मात्र माझं थर्माकोल आठवून गप्प बसलो. निदान हाइनरिशने खोकं रिकामं असल्याचं नावातच सांगितलं होतं.

पण ॲपचा बाजार हजार डॉलरच्या बाजूला गेलाच नाही, तो ९९ सेंटच्या बाजूला घसरला. 'अँग्री बर्ड्स' २००९च्या डिसेंबरात याच किमतीला आलं आणि लोकांच्या डोक्यात ॲपची किंमत पक्की झाली. आपल्याकडे तर व्हॉट्सॲप वर्षाला डॉलरभर घेणार म्हणून केवढी खळबळ होती. 'हा मेसेज दहा जणांना पाठवा, नाहीतर पैसे पडतील' असले निरोप मला त्याच काकांकडून यायचे, जे आठवड्याला तेवढ्याच पैशांची सुपारी खात. जानेवारी २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने ती फीही काढून टाकली.

दोन तासांची भिशी

२०१४ साली मी भिशीचा हिशेब ठेवणारं ॲप काढलं. कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला, यंदाची भिशी कोणाला लागली. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचाच गाभा, छोटा करून. किंमत ठेवली १९९. महिनाभर कोणी फिरकलं नाही. ९९ केली. दोन-चार. मग ५० केली, कारण तेव्हा आपल्याकडे गूगल प्लेवर पन्नासच्या खाली उतरता येत नव्हतं.

आता हिशेब मांडू. पन्नासातले तीस टक्के गेले, उरले पस्तीस. एका पतसंस्थेच्या बारा हजारांची बरोबरी करायला ३४३ भिश्या विकायला हव्या. बरं, पतसंस्थेचा व्यवस्थापक फोनवर शिव्या घालायचा, संध्याकाळपर्यंत काम झालं की विसरायचा. पन्नास रुपयेवाला फोन करतच नाही. तो चारचौघांत लिहितो: 'आमच्या मोबाइलवर उघडत नाही. पैसे पाण्यात.' आणि एक तारा. त्याच्या फोनमध्ये लग्नाचे व्हिडिओ भरून जागाच उरलेली नसते, पण हे सांगायला मी त्याला गाठू कुठे?

सर्वांत हुशार निघाल्या आमच्याच सोसायटीतल्या एक वहिनी. घेतल्यापासून दोन तासांत ॲप परत केलं तर पैसे परत, असा तेव्हा गूगलचा नियम होता. वहिनी दर महिन्याला भिशीच्या दिवशी ॲप विकत घ्यायच्या, हिशेब करून त्याचा फोटो ग्रुपवर टाकायच्या आणि चहा व्हायच्या आत ॲप परत करायच्या. पहिल्यांदा पैसे परत मिळाले. दुसऱ्यांदा मिळेनात, म्हणून मिस्टरांचं खातं वापरलं, मग मुलाचं. एकदा लिफ्टमध्ये मलाच म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ॲप छान आहे हो, पण दर महिन्याला नवीन खातं कुठून आणायचं?"

जुलै २०१५ मध्ये गूगलने भारतातली किमान किंमत दहा रुपयांवर आणली. बातमी वाचून मित्रांनी अभिनंदन केलं, "आता तुझी गिऱ्हाइकं वाढतील." माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याच आठवड्यात अशीच भिशीची तीन ॲपं दहा रुपयांना हजर होती.

वही कोणाकडे?

पैशांचं दुःख मोठं नव्हतं. मोठं होतं ते वहीचं. डेस्कटॉपच्या काळात माझ्याकडे लाल कापडी बांधणीची एक वही होती. पतसंस्थेचं नाव, व्यवस्थापक, कारकून, लॉकचा क्रमांक, शेवटची भेट. ॲपच्या विक्रीत मला दिसतो एक लांबलचक ऑर्डर क्रमांक. फोन नंबर दिसत नाही. डीलरही तीस टक्केच घ्यायचा, पण गिऱ्हाइकाच्या दारात मला घेऊन जायचा. इथे गिऱ्हाईक दुकानाचं, आपण फक्त माल ठेवणारे.

परदेशातल्या नामांकितांनाही हे चुकलं नाही. लॉरेन ब्रिक्टर या कुशल प्रोग्रॅमरने ऑक्टोबर २००९ मध्ये ट्विटर वापरण्यासाठीच्या आपल्या 'ट्वीटी' ॲपची नवी आवृत्ती 'ट्वीटी २' काढली, किंमत २.९९ डॉलर. डेस्कटॉपवर जुन्या गिऱ्हाइकाला नवी आवृत्ती सवलतीत द्यायची रीत होती. स्टोअरमध्ये तशी सोयच नव्हती, म्हणून सगळ्यांना पुन्हा पूर्ण पैसे. तीन डॉलरसाठी लोकांनी गहजब केला. पुढच्या वर्षी ट्विटरने ब्रिक्टरची कंपनीच विकत घेतली आणि ॲप फुकट करून टाकलं.

दुकानाशी भांडण पुढे आपल्याकडेही आलं. प्ले स्टोअरच्या पैसे घेण्याच्या नियमांवरून स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला ९३६ कोटींचा दंड ठोठावला, मार्च २०२५ मध्ये अपिलात तो सुमारे २१७ कोटींवर आला. मधल्या काळात, मार्च २०२४ मध्ये, फीच्या वादातून लग्न जुळवणारी आणि नोकरी शोधून देणारी नावाजलेली भारतीय ॲपं काही दिवस स्टोअरमधून गायब झाली होती. लहानांसाठी २०२१ पासून दोन्ही स्टोअरांनी दर पंधरा टक्क्यांवर आणला, हे मान्य करायला हवं. माझे पस्तीसाचे साडेबेचाळीस झाले. वही मात्र त्यांच्याकडेच राहिली.

जुन्या बाटलीतला नवा हप्ता

आता सगळे वर्गणीवर आलेत. मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं की यापुढची डिझाइनची सॉफ्टवेअरं फक्त वर्गणीने मिळतील. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांनी खांदे उडवले आणि अडोबीच्याच पेजमेकरची जुनी आवृत्ती आणखी काही वर्षं चालवली. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेने आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी आधी कळवण्याचे आणि मोठ्या रकमांना दर वेळी संमती घेण्याचे नियम लावले, तेव्हा कितीतरी लोकांच्या वर्गण्या एका महिन्यात बंद पडल्या. आणि कितीतरींना तेव्हाच कळलं की आपण अमुक ॲपला पैसे देत होतो!

मला मात्र वर्गणीचं नवल वाटलं नाही. आम्ही २००१ पासून तेच करत होतो, फक्त त्याचं नाव होतं वार्षिक देखभाल करार. किमतीच्या पंधरा टक्के, दर एप्रिलला. त्यासाठी संचालक मंडळात ठराव व्हायचा, सूचक-अनुमोदकांची नावं इतिवृत्तात लिहिली जायची. पैसे कापले जात नव्हते, दिले जात होते. चेक घ्यायला मी स्वतः जायचो, आणि वर्षभराच्या तक्रारी तेव्हाच मिटायच्या.

म्हणून सॉफ्टवेअरचा धंदा करू पाहणारी मुलं किंमत विचारायला येतात तेव्हा मी त्यांना उलट विचारतो: "बिघडलं तर फोन कोणाला येणार?" तुमच्याकडे येणार असेल तर हजारांत बोला, लाजू नका. कोणाकडेच येणार नसेल तर पन्नास रुपयेही गिऱ्हाइकाला जास्त वाटतील. मी भिशीचं ॲप फुकट करून टाकलं आणि त्यात एक ओळ घातली: 'पतसंस्थेसाठी मोठं सॉफ्टवेअर हवं असल्यास या नंबरवर बोला.' वर्षातून चार-पाच फोन येतात. तेवढे पुरतात.

आता पेढ्यांचं. २०१९ च्या उन्हाळ्यात तासगावकडच्या त्याच पतसंस्थेतून फोन आला. नवीन रुजू झालेली मुलगी, कपाट आवरताना तिला जुनी पुस्तिका सापडली होती आणि तिने ती खरंच वाचली होती. "सर, पान ११२ बघितलं. ते खरं आहे का?"

पेढे मी कुरिअरने पाठवले नाहीत. स्वतः घेऊन गेलो आणि येताना देखभालीचा चेक घेऊन आलो.